पहिल्या केसची मिसळ

"व्यवसाय?" सरांनी विचारलं.

"गृहिणी, सर," मैत्री हातातल्या कागदात बघत म्हणाली.

गृहिणी! माझं डोकंच फिरलं. तीस वर्षांच्या वर झाली, कर्वेनगरात मुलींची मेस चालवतेय मी. नवरा होता तेव्हाही, आणि तो गेल्यावरही. आणि ही बया, जिनं माझ्याच मेसमध्ये बसून दोन वर्षं पोळ्या हादडल्या, ती सगळ्यांदेखत मला गृहिणी करून मोकळी झाली.

"गृहिणी कुठली हो?" मी खाटेवरूनच म्हणाले. "मेस आहे माझी. पन्नास-साठ मुली जेवतात दोन्ही वेळा."

सरांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे बघितलं, मग मैत्रीकडे. डॉक्टर बद्रीनाथ मुजुमदार, या युनिटचे मुख्य. आवाज कधी चढत नाही, पण बोलणं असं की समोरच्यानं जमीन शोधावी.

"म्हणजे डॉक्टर, आपण या आजींना काही विचारलंच नाहीत. मनानंच लिहिलंत. हर्नियाच्या पेशंटला वजन उचलता का, हे विचारायची पद्धत आमच्या वेळी होती. आता पुस्तक बदललं असेल."

मागे उभी असलेली पोरं हसली. मैत्री "सॉरी सर" म्हणाली आणि गृहिणी खोडून तिथं काहीतरी लिहिलं.

तिला माहीत नव्हतं होय? माझी डाळीची पातेली माझ्या हातातून हिसकावून घेणारी तीच. माझ्या सख्ख्या भावाची, संजयची, मुलगी ती. पण वॉर्डात हे कुणाला कळू द्यायचं नव्हतं. त्या भीतीपोटी ती काहीतरी बोलून गेली आणि मी अक्कल गहाण ठेवून मध्ये तोंड घातलं. ठरल्याप्रमाणे ती मला आजी म्हणत होती आणि मी तिला मॅडम. आजी म्हणे! आत्ता कुठं साठीला टेकतेय मी. पण तक्रार कुणाकडे करणार? ठरवलं होतं मीच.

त्याचं असं झालं. त्याआधी आठ-दहा दिवस संजयचा बिबवेवाडीहून फोन आला.

"जयभीम ताई. पोरगी सोडते म्हणतेय."

"काय सोडते?"

"सर्जरी. राजीनामा देऊन घरी येते म्हणते. तू बोल बाई तिच्याशी. माझं ऐकत नाही, तुझं ऐकते."

संजय जिल्हा परिषदेत कारकून. साधा माणूस, त्यात मुलगी म्हणजे जीव की प्राण. ती एमबीबीएस झाली तेव्हा त्यानं सोसायटीतल्या घराघरात पेढे वाटले, ज्यांच्याशी पार्किंगवरून भांडण होतं त्यांनासुद्धा. पुढच्या परीक्षेत तिचा नंबर लागला तेव्हा त्याचं एकच म्हणणं होतं. बसून करायचं काहीतरी घे. पॅथॉलॉजी घे, मायक्रोस्कोपात बघायचं आणि संध्याकाळी घरी यायचं. या पोरीनं कुणाचं न ऐकता सर्जरी घेतली. आणि आता वर्ष पुरं व्हायच्या आत तीच सोडते म्हणत होती. पुन्हा परीक्षेला बसून दुसरी शाखा घ्यायची तर महिनाअखेरच्या शनिवारपर्यंत राजीनामा द्यायला हवा होता.

मी तिला रविवारी जेवायला बोलावलं. आली, बसली, दोन घास खाल्ले आणि तिसऱ्या घासाला वरणभातात हात तसाच ठेवून झोपली. बसल्या बसल्या. मी आजवर शेकडो मुली जेवू घातल्यात, परीक्षेच्या दिवसांतल्या, प्रेमभंगाच्या, घरून पैसे न आलेल्या. पण पानावर झोपलेली मुलगी मी पहिल्यांदा बघितली.

तिचा हात धुतला तेव्हा जागी झाली. मी विचारलं, "काम फार आहे का गं?"

"कामाला कधी भ्यायले मी, आत्या?" ती म्हणाली. "मी सर्जन व्हायला गेले आणि हमाल झालेय. रक्ताच्या पिशव्या आणायच्या, रिपोर्ट शोधायचे, ट्रॉली ढकलायची, सीनियर्सचं जेवण मागवायचं. अपघात विभागात फुटलेली डोकी शिवते, तेवढंच. ऑपरेशनला माझं काम काय, तर जखम उघडी राहावी म्हणून हुक धरून उभं राहायचं. आत काय चाललंय हेसुद्धा दिसत नाही. विचारलं तर म्हणतात, नंतर सांगतो. नंतर कधी येतच नाही."

"एकदाही चाकू दिला नाही?"

"पहिली केस देतात ना. वर्ष संपत आलं की. हर्निया वगैरे, साधं काहीतरी. सर समोर उभे राहतात, हात आपला. माझ्याबरोबरच्या दोघांना मिळाली. माझी दोनदा ठरली. एकदा पेशंटला ताप भरला. एकदा मला रक्त आणायला पाठवलं आणि मी येईपर्यंत दुसऱ्यानं उरकलं."

मग तिनं त्यांच्या युनिटची रीत सांगितली. ज्याची पहिली केस झाली, त्यानं सगळ्या युनिटला मिसळ खाऊ घालायची. प्रोफेसरांपासून वॉर्डबॉयपर्यंत.

"दोघांची मिसळ खाल्ली मी," मैत्री म्हणाली. "चांगली होती."

ते 'चांगली होती' माझ्या फार जिव्हारी लागलं. मग विचारलं, "हर्निया साधा असतो म्हणालीस ना?"

"हो. का?"

मी पदर बाजूला करून बेंबीजवळची गाठ दाखवली. लिंबाएवढी होती. काही वर्षं अंगावर काढत होते. करून घे, करून घे म्हणून मैत्रीनंच माझं डोकं खाल्लं होतं.

"आता करून घेते," मी म्हणाले. "तुमच्या युनिटला. तुझ्या हातून."

"वेड लागलंय का तुला? आपल्या माणसावर आपण चाकू नाही चालवत. सरांना कळलं तर जवळ फिरकू देणार नाहीत."

"कळेल कशाला? तू ओव्हाळ, मी रणपिसे. थोबाडावर लिहिलंय का आत्या-भाची म्हणून?"

ती चिडली. मला वेडी म्हणाली, आडमुठी म्हणाली, चप्पल घालून निघालीसुद्धा. जिन्याच्या वळणावर थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सोमवारी आमची ओपीडी असते. लवकर ये, रांग मोठी असते."

"आणि केस मिळाली तर राहशील?"

"बघू."

आमच्या घरात 'बघू' म्हणजे 'हो'च असतं. मेस माझ्या हाताखालच्या वेणूबाईच्या हवाली केली आणि मी निघाले.

वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर तुळजाबाई होत्या, मांजरी गावच्या. साखरेनं पायाला जखम झालेली, ती काही भरत नव्हती. तोंड मात्र दणकट. मैत्री दिवसातून पन्नास वेळा समोरून धावत जायची, कधी हातात नळ्या, कधी फायली, कधी नुसतीच धावत. चहाचा कप सिस्टरांच्या टेबलावर ठेवायची आणि तो तिथंच गार व्हायचा. तुळजाबाई बघत राहायच्या आणि मला म्हणायच्या, "ही बारकी डाक्टरीण लई गुणाची हाय बगा. पर हिच्या आयनं हिला आशी बगितली तर रडंल."

मी म्हणायचे, "रडेल खरी." आणि भिंतीकडे तोंड करून पडायचे.

तिच्यावर ओरडणारा एक होता, पृथ्वीराज. तिसऱ्या वर्षाचा, सूस गावचा, उंचापुरा. "मैत्री, रिपोर्ट कुठंय? मैत्री, काल सांगितलं होतं ना?" सकाळपासून हेच. वाईट नव्हता पोरगा. दुपारी तुळजाबाईंचा पाय धुवायला बसला की गप्पा मारायचा. त्यांनी एकदा विचारलं, "डाक्टर, तुमी ह्येच का शिकला म्हनायचं? ह्ये कापाकापीचं?"

"काय सांगू आजी, बाबांनी सूसच्या जमिनीवर हॉस्पिटल आधी बांधलं आणि मला नंतर विचारलं. तळमजल्यावर ऑपरेशन थिएटर तयार होतं. म्हटलं, होतो सर्जन."

"बरं झालं बाबा, आदी गोठा न्हाय बांदला," तुळजाबाई म्हणाल्या.

आख्खा वॉर्ड हसला. पृथ्वीराजही हसला, पण त्या हसण्यात काही दम नव्हता.

राउंडला सरांनी एकदा मैत्रीलाही हेच विचारलं, का घेतलीस सर्जरी म्हणून. ती म्हणाली, "चॅलेंजिंग वाटली, सर." सर म्हणाले, "या वॉर्डात रिकामी खाट मिळवणं हे चॅलेंज आहे. ऑपरेशन त्या मानानं सोपं." आणि पुढच्या खाटेकडे गेले.

मला काही ते उत्तर पटलं नाही. दुपारी ती माझं रक्त घ्यायला आली. तुळजाबाईंना ड्रेसिंगला नेलं होतं, आसपास कुणी नव्हतं. मी हळूच विचारलं, "खरं सांग. का घेतलंस गं हे?"

तिनं सुई काढली, कापूस दाबून धरला. मला वाटलं टाळतेय. मग म्हणाली, "इंटर्नशिपला होते तेव्हा एक मॅडम होत्या. त्यांनी एका बाईच्या पोटावरचे टाके मला घालायला दिले. मी घातले. त्या म्हणाल्या, हात चांगला आहे गं तुझा."

"मग?"

"मग काही नाही. एवढंच."

"एवढ्यावर?"

"आत्या, मला जन्मभर सगळे म्हणत आले, डोकं चांगलं आहे. शाळेत, क्लासमध्ये, बाबा, तू. हात चांगला आहे असं कुणी म्हणालं नव्हतं." कापूस काढून तिनं बघितलं, रक्त थांबलं होतं. "इथं आल्यापासून कुणी माझ्या हाताकडे बघितलेलंच नाही."

मला हसूही आलं आणि भरूनही आलं. मी तर नवऱ्याची राहायची खोली बघून लग्न केलं होतं, मोरीला दार आहे एवढ्यावर. त्या मानानं पोरीचं कारण फार चांगलं होतं.

संध्याकाळी सर आले. माझी गाठ दाबून बघितली, खोकायला लावलं, आणि वळून म्हणाले, "आजींचा हर्निया उद्या घेऊ. मैत्री, तू कर. मी उभा राहतो."

"येस सर."

एवढंच बोलली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. जाताना फक्त माझी चादर पायाकडून नीट खोचली, आणि ती आधीच खोचलेली होती. ती दिसेनाशी झाल्यावर मी वेणूबाईला फोन लावला. "डब्यात आहे तेवढी सगळी मटकी भिजत घाल. मिसळ करायचीय, मोठी."

"कुणाकडचं कार्य?" वेणूबाईनं विचारलं.

"घरचंच," मी म्हणाले.

सकाळी थिएटरात नेलं. गारठा नुसता. भुलीच्या डॉक्टरबाई गोड होत्या. पाठीत सुई दिली, कमरेखालचं अंग माझं राहिलंच नाही. छातीपुढे हिरवा पडदा लावला. मी मनात 'बुद्धं सरणं गच्छामि' असं त्रिसरण म्हणत होते. पडद्यापलीकडे मैत्रीचा आवाज आला, काहीतरी मागत होती, आणि तो आवाज आमच्या मैत्रीचा वाटतच नव्हता, इतका ठाम. ऊर भरून आला माझा. बाई म्हणाल्या, "आजी, घाबरू नका, थोडं झोपेचं देते." त्यानंतरचं मला काहीही आठवत नाही.

डोळे उघडले तेव्हा खाटेवर होते आणि पोटाला पट्टी होती. मैत्री संध्याकाळी आली, नाडी बघितली. "दुखतंय का, आजी?" मी तिला डोळा मारला. ती हसली नाही. मी म्हटलं, पोरगी पक्की आहे, नाटक सोडत नाही. रात्री मला सुखाची झोप लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तुळजाबाईंना पट्टी दाखवत होते. "बघा, कसं झालं. दुखत म्हणून नाही. हातच तसा आहे त्या पोरीचा." तेवढ्यात पृथ्वीराज ड्रेसिंगची ट्रॉली घेऊन आला.

"काय आत्या, कशा आहात?"

आजी नाही, काकू नाही, आत्या.

"अहो, आता कशाला लपवताय?" तो हसत पट्टी सोडवू लागला. "थिएटरमध्ये काय धमाल केलीत तुम्ही! मैत्रीनं नाइफ हातात घेतला. सर म्हणाले, चालव. आणि पडद्यामागून तुमचा आवाज. 'मैते, जेवलीस का गं? सकाळपासून पोटात काही नसेल तुझ्या. आत्याचं ऐक, आधी दोन घास खा आणि मग काप.' सगळं थिएटर हसलं. सरसुद्धा हसले."

"आणि मग?"

"मग सरांनी विचारलं, आत्या? मैत्री म्हणाली, हो सर."

"ओरडले?"

"ओरडले असते तर बरं झालं असतं. तिच्या हातातून नाइफ काढून घेतला आणि म्हणाले, नातेवाईक बाहेर थांबतात." पृथ्वीराजचं हसू आता ओसरलं होतं. "मग तुमचं मी केलं. ती बाहेर बाकावर बसली होती, गाऊन-टोपी तशीच. संपल्यावर मी बाहेर जाऊन सांगितलं, पेशंट ठीक आहे. सवयीनं सांगितलं हो, सगळ्या नातेवाइकांना सांगतो तसं. ती म्हणाली, थँक यू डॉक्टर."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. जन्मभर जो प्रश्न मी दारात येणाऱ्या प्रत्येक मुलीला विचारला, ज्या प्रश्नावर माझं घर चाललं, तोच नेमका तिथं तोंडातून निघावा? जीभ झडली असती तर बरं. तुळजाबाईंनी माझ्याकडे बघितलं. पोरगी माझी कोण ते त्यांना आता कळलं होतं. त्या हात लांबवून माझ्या खाटेच्या कडेवर ठेवून बसल्या.

संध्याकाळच्या राउंडला मी सरांना थांबवलं. "साहेब, सगळा डाव माझा होता. पोरीला बोल लावू नका. तिनं नाहीच म्हटलं होतं."

सरांनी मागच्या पोरांना पुढं जायला सांगितलं आणि स्टूल ओढून बसले. जवळून बघितल्यावर कळलं, माणूस किती दमलेला आहे. डोळ्यांखाली नुसतं काळं.

"बाई, मला सरळ सांगितलं असतं तर तिला दुसरी केस दिली असती. या आठवड्यात आणखी दोन हर्निये झाले. ते दुसऱ्यांनी केले."

आमची हुशारी आमच्याच गळ्यात आली होती. मी त्यांना शनिवारचं सांगितलं, राजीनाम्याचं. त्यांना ठाऊक नव्हतं. बराच वेळ ते माझ्या पायाशी लावलेल्या तापाच्या कागदाकडे बघत होते.

"दरवर्षी एखादं जातंच," ते म्हणाले. "तुला हे आवडतं का, असं मला कधी कुणी विचारलं नाही. मग मीही कुणाला विचारलं नाही." उठताना म्हणाले, "गुरुवारी एक आहे. तिलाच देतो. सांगा तिला."

मी सांगितलं. मैत्री म्हणाली, "बरं." त्या 'बरं'मध्ये मला थोडी धुगधुगी वाटली. मला घरी सोडलं तेव्हाही मी गुरुवारचा हिशेब धरून होते. वेणूबाईनं मटकी बांधून ठेवली होती, छान मोड आले होते. मी म्हटलं, फ्रिजमध्ये ठेव, हात लावू नको.

गुरुवारी सकाळी कात्रजच्या घाटात माणसं भरलेला टेम्पो उलटला. ठरलेली सगळी ऑपरेशनं रद्द झाली. संध्याकाळी मी फोन केला तेव्हा मैत्री रक्तपेढीत होती. मागून गलका ऐकू येत होता. "नंतर करते, आत्या," म्हणाली. कुणाचा दोष म्हणायचा? टेम्पोवाल्याचा? मरता मरता वाचलेल्या माणसांचा? शुक्रवारी वेणूबाई म्हणाली, मटकीला वास यायला लागेल. मी म्हटलं, कर उसळ. मुलींनी आवडीनं खाल्ली. एकीनं तर विचारलं, आज काय विशेष, आत्या?

शनिवारी मैत्रीनं राजीनामा दिला. संजयनं फोन करून सांगितलं. पोरगी घरी आली म्हणून त्याच्या आवाजात आनंद होता, आणि तो मला कळू नये म्हणून बिचारा हळू बोलत होता.

माझे टाके काढायचे होते. मी म्हटलं होतं, हॉस्पिटलात जाईन, रांगेत उभी राहीन. पण रविवारी दुपारी, मुलींची जेवणं उरकल्यावर, मैत्री कर्वेनगरात येऊन उभी राहिली. चेहऱ्यावर झोपेची सूज होती. पिशवीतून छोटी कात्री आणि चिमटा काढला, माझ्याच पातेल्यात पाणी उकळून त्यात टाकला.

"झोप घरातल्या दिवाणावर. उजेडाकडे तोंड कर."

मी आडवी झाले. तिनं पट्टी सोडवली. पोटावरची रेघ नीट बघितली, बोट न लावता, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"चांगले घातलेत पृथ्वीराजनं," ती म्हणाली.

मग एकेक टाका काढायला लागली. चिमट्यानं गाठ उचलायची, खालून कात्री घालायची, कट् असा बारीक आवाज, आणि धागा बाहेर. मला काहीही कळत नव्हतं. खरंच सांगते, मुंगीही चालली नाही. तीस वर्षं मी बायकांचे हात बघत आलेय, पोळी लाटणारे, भाजी निवडणारे. कुठला हात कामाला घाबरतो आणि कुठला हात कामावर माया करतो, ते बघूनच कळतं. तिचा हात मायेचा होता. कुणाचीही घाई नाही, कुणी हाका मारत नाही, मागून कुणी ओरडत नाही. पहिल्यांदाच तिला असं निवांत काम करताना बघत होते मी. आणि ते शेवटचं होतं.

"पुढं काय?" मी विचारलं.

"परीक्षा. पॅथॉलॉजी मिळेल बहुतेक. बाबा खूश आहेत."

"आणि तू?"

"मी काल दिवसभर झोपले, आत्या."

धागे तिनं कागदाच्या तुकड्यावर ओळीनं ठेवले होते. शेवटचा काढला, कापसानं पुसलं, आणि तळहात माझ्या पोटावर हलकाच ठेवून क्षणभर बसली. "दुखलं का?"

"नाही."

हात चांगला आहे गं तुझा, हे माझ्या ओठांवर आलं होतं. अगदी आलं होतं. पण आता कुठल्या तोंडानं म्हणणार? गिळलं. उठून बसले, साडी सारखी केली आणि स्वयंपाकघरात गेले. भांडी उगाच हलवत राहिले. दुसरं काहीतरी बोलावं म्हटलं तर माझ्याकडे दुसरं काय आहे? आहे तो एकच प्रश्न, आणि तो त्या दिवसापासून मी कुणालाच विचारला नव्हता. मेसच्या मुलींना वाटत होतं, आत्यांचं अजून पोट दुखतंय.

मैत्री दारात येऊन उभी राहिली. कात्री, चिमटा पुसून तिनं फडक्यात गुंडाळला होता. ती पुरचुंडी तिनं ओट्यावर ठेवली, माझ्या सांडशीशेजारी.

"विचार की," ती म्हणाली.

"काय?"

"नेहमी विचारतेस ते."

ताट हातातच होतं.

"जेवलीस का गं?"

"नाही," मैत्री म्हणाली, आणि पाटावर बसली.